सोडियम डोडेसिल सल्फेटच्या पृष्ठताण-आलेखातील खड्डा कसा गेला: माझा अनुभव

वडोदऱ्यातील आमच्या प्रयोगशाळेत सोडियम डोडेसिल सल्फेट या सर्फॅक्टंटची (पाण्याच्या पृष्ठभागावर जमून पृष्ठताण कमी करणाऱ्या, लांब शेपटीच्या रेणूंच्या पदार्थाची) पाणी-हवा सीमेवरील मांडणी परावर्तित अवरक्त वर्णपटाने तपासताना सीएच-२ बंधांचे शिखर अपेक्षित २९२४ ऐवजी २९१८ प्रति सेंमीजवळ येई, म्हणजे रेणूंच्या शेपट्या संशय यावा इतक्या शिस्तीत उभ्या दिसत; शिवाय ८ मिलीमोलर संहतीच्या आसपास पृष्ठताण खाली जाऊन पुन्हा वर चढे, म्हणजे आलेखात खड्डा दिसे. काचसामान आम्लाने धुतले, पाणी बदलले, ध्रुवक पुन्हा जुळवला. फरक पडला नाही. दोन महिने वाया गेले.

दोष उपकरणाचा नव्हताच. सल्फेटचे जलविघटन होऊन डोडेकॅनॉल हे लांब साखळीचे अल्कोहोल तयार होते, आणि ते अत्यल्प असले तरी पृष्ठभाग काबीज करते. मायसेल (सर्फॅक्टंट रेणूंचे पाण्यातील पुंजके) बनू लागले की डोडेकॅनॉल त्यांच्यात ओढले जाते व पृष्ठताण वाढतो. मे महिन्यातील उकाड्यात टेबलावर ठेवलेल्या द्रावणात ही क्रिया अधिकच वेगाने होते.

उपाय या क्रमाने केला. पूड गरम निर्जल इथेनॉलमध्ये विरघळवून, गरम असतानाच गाळून, सावकाश थंड केली. स्फटिक थंड इथेनॉलने धुतले. हे तीनदा केले. स्फटिक निर्वातात, उष्णता न देता वाळवले. द्रावण त्याच दिवशी बनवले, पात्रात ओतल्यावर वरचा थर बारीक नळीने शोषून काढला, २५ अंश सेल्सिअसला स्थिरावू दिले आणि आधी पृष्ठताण मोजला. खड्डा नाहीसा झाल्यावरच वर्णपट घेतला; शिखर २९२४ जवळ परतले होते.