मोबाईलवरची हवा बघून उमेदवार निवडून आलाच असं धरू नका, या चुका टाळा

मागे नाशिकच्या सिडकोत महापालिकेच्या निवडणुकीला एका मित्रासाठी मी जीव तोडून काम केलं, रोज रात्री एक-दीडपर्यंत पोस्ट, रील, ग्रुपवर फॉरवर्ड, आणि खाली कमेंट बघाल तर "भाऊ तुम्हीच", "फिक्स नगरसेवक", आम्ही गुलालसुद्धा सांगून ठेवला होता. पडला. चौथ्या नंबरवर गेला. तो घरी आला तेव्हा त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कमेंट करणारा आपला मतदार आहे का हेच आम्ही बघितलं नाही. निकालानंतर यादी घेऊन बसलो आणि एकेक नाव शोधायला लागलो, तर कोणी पुण्याला कंपनीत, कोणाचं नाव अजून निफाडला गावच्या यादीत, कोणी राहतो इंदिरानगरला म्हणजे प्रभागच वेगळा. इन्साइट्समध्ये, म्हणजे पोस्ट कुठल्या शहरातले लोक बघतात ते दाखवणाऱ्या आकड्यांत, "नाशिक" दिसलं की आपण खुश होतो, पण महापालिकेचे प्रभाग ३१ आहेत आणि मत आपल्याच प्रभागातलं लागतं ना.

आता साधा हिशोब करा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार, म्हणजे एका प्रभागात सरासरी ४८ हजार माणसं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात जास्तीत जास्त १०२४ जण बसतात. त्यातले बोलणारे तीस-चाळीस, आणि तेच तीस-चाळीस बाकीच्या पाच ग्रुपातही असतात!! ग्रुपवरच्या पोलचं पण तेच, विरोधातला माणूस तिथे बटण दाबतच नाही, गल्लीत वाईटपणा कोण घेणार, तो गप्प बसतो आणि आपण ते गप्प बसणं आपल्या खात्यात धरतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अभिनेता एजाज खान २०२४ ला मुंबईत वर्सोव्यातून विधानसभेला उभा होता, इन्स्टाग्रामवर पन्नास लाखाच्या वर फॉलोअर, मतं दोनशेपण नाही, नोटाला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि इरोम शर्मिला, सोळा वर्षं उपोषण केलेली बाई, देशभर मान, पण २०१७ ला मणिपूरच्या थौबलमध्ये मुख्यमंत्र्यांसमोर मतं मिळाली ९०. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लोकांचं प्रेम खोटं नव्हतं, पण ते प्रेम करणारे थौबलच्या यादीत नव्हते.

सभेच्या गर्दीचंही तसंच. मनसेला आपल्या महापालिकेत २०१२ ला ४० जागा होत्या, २०१७ ला ५ राहिल्या, राज ठाकरेंना ऐकायला गर्दी तेव्हाही व्हायचीच.

मग काय करायचं? आधी विधानसभेचा बूथनिहाय निकाल काढा, फॉर्म २० मध्ये मिळतो, कुठल्या बूथवर कोण चालतं ते त्यात दिसतं. मग यादी घेऊन घरोघर जा, पण "आम्हाला मत देणार ना" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात, दारात आलेल्याला नाही कोण म्हणेल. पाणी कसं येतं, मागच्या वेळी निवडून आलेला परत कधी दिसला का, घरात कोणाकोणाचं मतदान इथे आहे, असं विचारा आणि ऐका. शक्यतो उमेदवाराला न ओळखणारा पोरगा पाठवा, त्याच्याशी लोक मोकळं बोलतात. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे दुपारी सापडत नाहीत, त्यांच्यासाठी रविवार ठेवा. भजनी मंडळातल्या मावशी तुमचं रील बघत नाहीत पण सकाळी सातला रांगेत त्याच पहिल्या असतात. नक्की, नाही आणि सांगता येत नाही अशा तीन खुणा करा, आणि "सांगता येत नाही"वाले आपले म्हणून मोजूच नका, आमची तीच चूक नडली.

हे सगळं अर्ज भरायच्या आधी करा, फार तर माघारीच्या तारखेपर्यंत, कारण त्यानंतर नाव मशीनवर येतंच आणि घरातले पैसे जायला लागतात.