रानातलं ऊन जातं कुठं? दोन चौकोन आखून स्वतः मोजा

माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा आपला सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाला कसाबसा ५०० मिमीच्या आसपास पाऊस. मे महिन्यात दुपारी दोनला कोरड्या काळ्या रानात अनवाणी पाय टेकवत नाही आणि शेजारच्या भिजवलेल्या वाफ्यात मात्र आरामात उभं राहता येतं, ऊन तर दोन्हीकडं तेच. मातीत पाणी असलं की उन्हाची बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, पाणी नसलं की तीच उष्णता माती आणि वरची हवा तापवते. हे घरच्या घरी मोजता येतं, आणि एकदा तरी मोजावंच असं मला मनापासून वाटतं.

लागणारं सामान : टेंपरेचर गन (न टेकवता मातीच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी), स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, ४ इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, खालून लावायला टोपण, आणि प्लॅस्टिकची पिशवी.

आधी एकाच रानात, सावली येणार नाही अशा ठिकाणी १ मीटर बाय १ मीटरचे दोन चौकोन आखा. माती एकच पाहिजे हां, एक काळी नि एक मुरमाड असं केलं तर सगळं गणित फसतं. संध्याकाळी एका चौकोनावर झारीने हळूहळू २० लिटर पाणी घाला, म्हणजे २० मिमी पाऊस झाला.

सकाळी वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिली की, ओल्या चौकोनात पाइप ठोकून मातीसकट अलगद उपसा, खालून टोपण लावा, बाहेरची माती पुसून वजन करा, मग खड्ड्यात पिशवीचं अस्तर लावून पाइप परत ठेवा, वरची कड जमिनीच्या पातळीत. संध्याकाळी पुन्हा वजन. पाइप आतून १० सेंमी रुंद असेल तर साधारण ८ ग्रॅम घट म्हणजे १ मिमी पाणी उडालं.

समजा ३२ ग्रॅम घटलं. म्हणजे ४ मिमी, म्हणजेच एका चौरस मीटरमधून ४ लिटर. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल लागतात, ४ लिटरला झाले ९.८, आणि विजेच्या १ युनिटमध्ये असतात ३.६ मेगाज्यूल. म्हणजे टेबलाएवढ्या जागेतून दिवसभरात पावणेतीन युनिट उष्णता नुसती वाफेबरोबर गेली! कोरड्या चौकोनात हा मार्गच बंद. फक्त या आकड्याला थेट एकराने गुणू नका, कारण छोट्या ओल्या तुकड्यावरून आजूबाजूचा तापलेला वारा जास्तीचं पाणी ओढून नेतो.

मधल्या वेळात टेंपरेचर गनने ८, ११, २ आणि ५ वाजता दोन्हीकडचं तापमान घ्या, गन जवळ आणि सरळ खाली धरून, प्रत्येक वेळी चार-पाच जागी. ओली माती जास्त काळी दिसते, ऊन जास्त शोषते आणि तरीही दुपारी थंड निघते, मला तर ही गोष्ट दरवेळी नव्याने भारी वाटते. जमलं तर पहाटेचंही एक रीडिंग घ्या. कोरडी माती रात्री पटकन निवते, ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, थंडीच्या लाटेत द्राक्षबागेला रात्री पाणी द्या म्हणतात ते यासाठीच.

हे रोज लिहीत जा, पण पाइपातली माती दोन दिवसांनी बदला, कारण तिला खालून ओल मिळत नाही. काही दिवसांत वरचा थर पांढरट पडतो आणि दुपारचं तापमान कोरड्या चौकोनाकडं सरकायला लागतं, पण बोटभर उकरून बघा, खाली गार ओल असते. वर यायची तिची वाट सुकलेल्या थराने अडवलेली असते. कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवणं, म्हणजे हेच काम मुद्दाम करणं, भेगा बुजतात, वर भुसभुशीत थर होतो, आणि रब्बी ज्वारीला खालची ओल पुरते. म्हणून जमलं तर तिसरा चौकोन आखा, तोही भिजवा, वाफसा आला की खुरप्याने वरून हलवा आणि दुपारी दोनला तिन्हींवर गन धरा. हलवलेला चौकोन वरून तापलेला दिसेल, पण आठवड्याने उकरलात की ओल कुणी राखली ते हाताला कळेल.