सॉफ्टवेअर किलोत, धंदा नगात : ईआरपी घेताना या चुका टाळा

कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्याच्या, मालकाला विचारा, पुढची पाच वर्षं काय करणार? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. नुसतं कच्चं कास्टिंग (ओतीव नग) विकून आता काही उरत नाही, मशिनिंग करून तयार पार्ट द्यायचा, जमलं तर एक्स्पोर्ट. बेत चांगलाच आहे. मग त्याच ऑफिसात ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार एका जागी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, रोजचा रिपोर्ट उघडायला सांगा. सगळ्यात वर काय दिसतं? आज किती टन ओतलं.

बिघाड इथं आहे, आणि तो कॉम्प्युटरवाल्याला बोलावून दुरुस्त होत नाही.

धंदा बदलला, मोजमाप जुनंच

कास्टिंगचा व्यवहार वर्षानुवर्षं किलोच्या दरानं चालत आला. त्या हिशेबात रिजेक्शन फारसं अंगाला लागत नाही, कारण खराब नग परत भट्टीत जातो. वीज आणि मजुरी बुडाली तरी धातू हातात राहतो. पण तोच नग उद्यमनगरात मशिनिंगला गेला आणि बोअरिंग करताना, म्हणजे भोक कोरताना, आत ब्लोहोल (हवेची पोकळी) निघालं तर? जॉबवर्कची (बाहेरून करून घेतलेल्या कामाची) मजुरी गेली, टूल झिजलं, टेम्पोचं भाडं गेलं, ग्राहकाला दिलेली तारीखही चुकली. सिस्टीममध्ये मात्र नोंद पडते : '12 किलो, फौंड्री रिटर्न'. समजा महिनाअखेरीला रिजेक्शन तीन टक्के दिसलं, तर मीटिंगमध्ये सगळे खूश. वजनात तीन टक्के असेलही. रुपयांत किती, हे त्या खोलीत कुणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय महागडा नाही. रिजेक्शन कुठं सापडलं, तो टप्पा नोंदवायला लावा : फेटलिंगला (ओतलेला नग साफ करताना), मशिनिंगला की थेट ग्राहकाकडे. प्रत्येक टप्प्याला तोवर झालेला खर्च जोडा. एवढ्यानं रिपोर्टचा चेहरा बदलतो. ज्या पार्टवर आपण कमावतो असं वाटत होतं, त्यातला एखादा तोट्यात निघायची तयारी मात्र ठेवा.

दुसरं म्हणजे, जॉबवर्कच्या चलनावर हीट नंबर घाला; हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू. 'ब्रॅकेट, 200 नग' एवढंच लिहिलं की तीन हीटचा माल एका ढिगात पडतो, आणि परत येताना कुठला नग कुठल्या हीटचा हे देवालाच ठाऊक. वाहन कंपनीकडून तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असतो : या हीटचे बाकीचे नग कुठं आहेत? उत्तर नसेल तर सगळा लॉट तपासायचा खर्च आपल्या बोकांडी बसतो.

जीएसटीचं भागलं म्हणजे सिस्टीम झाली

उलाढाल 5 कोटींच्या वर असलेल्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक झालं. कायद्याच्या धाकानं घेतलेलं सॉफ्टवेअर कायद्यापुरतं काम करतं, त्यात त्याचा दोष नाही. पण कुठली ऑर्डर घ्यायची आणि कुठली हात जोडून परत करायची, हे ते कसं सांगणार? म्हणून मग प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी कुणीतरी रात्री बसून एक्सेल करतं. त्या एक्सेलवर बंदी घालू नका. उलट सगळ्या गोळा करा. सिस्टीममध्ये जे नाही तेच नेमकं त्यांच्या कॉलमांत सापडतं. मला तर नव्या कारखान्यात गेल्यावर सॉफ्टवेअरच्या आधी ती एक्सेलच बघावीशी वाटते.

निवड अकाउंट्सवर सोडणं

हेंडरसन आणि वेंकटरामन या दोघा अभ्यासकांनी 1993 मध्ये चार चौकटींची एक मांडणी केली : धंद्याचं धोरण, माहिती तंत्रज्ञानाचं धोरण, कामाची घडी आणि प्रत्यक्ष यंत्रणा. चारही एकमेकांशी जुळल्या पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडे गाडी थेट चौथ्या चौकटीत घुसते : सर्व्हर घ्यायचा की क्लाउड? अकाउंटंटसाहेब हुशार असतात, पण त्यांना बिल नीट निघण्याशी मतलब. निवडीच्या टेबलावर मोल्डिंगचा सुपरवायझर आणि डिस्पॅचवाला हवाच, आणि मालकानं स्वतः बसावं. त्या मांडणीत उलटी दिशाही आहे : यंत्रणाच नव्या धंद्याचं दार उघडू शकते. हीटवार माहिती चोख ठेवणाऱ्याला नव्या ग्राहकाच्या ऑडिटला घाम फुटत नाही.

ऐन हंगामात सुरुवात

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं 1999 च्या जुलैत तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकदम चालू केली. हॅलोविनच्या हंगामात माल असूनही ऑर्डरी वेळेवर पोहोचल्या नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्याला मार्चअखेर आणि दिवाळीच्या तोंडाला हा उद्योग नकोच. आधी एकच पार्ट सिस्टीमवर घ्या, ओतण्यापासून डिस्पॅचपर्यंत.

डेमोला जाताना

विक्रेता रंगीत डॅशबोर्ड दाखवणारच, बघून घ्या. जाताना मात्र मशिनिंगमध्ये रिजेक्ट झालेला एक नग पिशवीत घालून न्या आणि त्याच्यापुढे ठेवा. म्हणावं, हा कधी ओतला, त्या हीटचे बाकीचे नग आज कुठं आहेत आणि यावर आपले किती रुपये बुडाले, ते तुमच्या स्क्रीनवर काढून दाखवा. 'कस्टमायझेशन करून देऊ' असं उत्तर आलं, तर किती दिवस आणि किती पैसे ते लेखी घ्या, आणि ॲडव्हान्सचा चेक त्यानंतरच फाडा.