जुन्या गाडीचे डॅशबोर्ड मीटर: दोष कसा शोधावा, दुरुस्ती कशी करावी

पेट्रोलचा काटा हलत नाही म्हणून लगेच डॅशबोर्ड उघडून मीटर खोलायला बसू नका. जुन्या गाड्यांमध्ये मीटर स्वतः बिघडलेला असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा मागची वायर सुटलेली असते, अर्थिंग गंजलेलं असतं किंवा टाकीतला सेंडर (पातळी मोजून मीटरला कळवणारा भाग) झिजलेला असतो. चांगला मीटर विनाकारण उघडला, की तबकडीवरची छपाई आणि काट्याचं संतुलन दोन्ही धोक्यात येतात. म्हणून फ्यूज, अर्थिंग, स्टॅबिलायझर (मीटरना ठरावीक व्होल्टेज देणारी डबी), सेंडर, वायर आणि सगळ्यात शेवटी मीटर, याच क्रमाने संशय घ्या.

मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, बारीक पॉलिश पेपर आणि एक लांब जोडवायर एवढ्यावर बहुतेक निदान होतं. गाडीचं अर्थिंग निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलेलं आहे, हे आधी पाहून घ्या; 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची अर्थिंगची तार काढा.

मीटरचा प्रकार ओळखा

चावी फिरवा आणि काट्याकडे बघा. पेट्रोलचा काटा सावकाश, बरेच सेकंद घेत वर चढला तर मीटर बायमेटलचा (दोन धातूंच्या जोडपट्टीचा) आहे. आतल्या पट्टीभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. पट्टी तापून वाकते आणि काटा ढकलते. काटा चटकन जागेवर गेला तर तो कॉइलचा मीटर. मागे वायरऐवजी बारीक नळी येत असेल तर तो यांत्रिक मीटर. तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत आणि एकाची चाचणी दुसऱ्यावर केली तर निष्कर्ष चुकतो.

दोन काटे एकदम चुकत असतील तर

पेट्रोल आणि टेंपरेचर हे दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवू लागले, तर दोन मीटर एकाच दिवशी बिघडले असं समजू नका. बायमेटल मीटरना सरळ 12 व्होल्ट मिळत नाहीत. मध्ये एक स्टॅबिलायझर असतो. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरसाठी तो सरासरी 10 व्होल्ट देतो, फोर्डच्या अमेरिकी गाड्यांत साधारण 5. आत संपर्क सतत जुळत-सुटत असल्याने व्होल्टेज ठोके दिल्यासारखं येतं. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नुसते उड्या मारतात. टेस्ट लॅम्प लावला तर तो उघडझाप करताना स्पष्ट दिसतो.

दिवा सलग पेटलेला राहिला तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची डबी जिथे पत्र्याला स्क्रूने बसते तिथलं अर्थिंग गेलेलं असतं. अर्थिंग नसेल तर आतली तार तापत नाही, संपर्क सुटत नाही आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मीटरवर जातं. तो स्क्रू काढा, जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि पुन्हा घट्ट बसवा. दिवा मुळीच लागला नाही तर आत येणारा पुरवठा तपासा. तो असेल तर स्टॅबिलायझर मेला आहे.

बदली म्हणून 7810 हा तीन पायांचा रेग्युलेटर चांगला चालतो (5 व्होल्टच्या गाड्यांना 7805). आत येणाऱ्या पायापासून अर्थपर्यंत 0.33 मायक्रोफॅरड आणि बाहेर जाणाऱ्या पायापासून अर्थपर्यंत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याची धातूची पट्टी पत्र्याला आवळा. उष्णताही जाते आणि अर्थिंगही मिळतं. हे सगळं निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत हा तुकडा असा लावायचा नाही, तिथे मूळ पद्धतीचा बायमेटल स्टॅबिलायझरच बरा.

पेट्रोलचा काटा

एकटा पेट्रोलचा काटा चुकत असेल तर टाकीवरच्या सेंडरची वायर काढा. टाकीच्या झाकणाजवळ ठिणगी पडू देऊ नका. वायरची जोडणी टाकीपासून दूर, डिकीत किंवा डॅशबोर्डमागे मिळत असेल तर चाचणी तिथेच करा. चावी बंद ठेवून वायर बॉडीला जोडा आणि मगच चावी चालू करा. बायमेटल मीटरचा काटा ‘फुल’कडे चढू लागला पाहिजे. चढू लागला की चावी लगेच बंद करा, जास्त वेळ ठेवलं तर आतली तार जळू शकते. जनरल मोटर्सच्या आणि स्मिथ्सच्या जुन्या कॉइलच्या मीटरमध्ये उलटं असतं: वायर अर्थ केली की काटा ‘एम्प्टी’वर, मोकळी सोडली की ‘फुल’च्या पलीकडे.

काट्याने बरोबर उत्तर दिलं तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष. आता सेंडरचा रोध मोजा. जनरल मोटर्समध्ये 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो रिकाम्या टाकीला 0 आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम असतो. फोर्डमध्ये रिकाम्याला सुमारे 73 आणि भरलेल्याला 10. स्मिथ्सच्या बायमेटल मीटरच्या सेंडरचा रिकाम्याला दोनशेच्या वर, भरलेल्याला वीसच्या आसपास. बाजारातला ‘सगळ्यांना चालणारा’ सेंडर घेताना हे आकडे जुळतात का बघा. इथे चुकलं, तर मीटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

टाकी रंगवल्यानंतर किंवा रबरावर बसवल्यानंतर काटा चुकू लागला असेल तर सेंडरच्या एका स्क्रूपासून चॅसीपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची वायर टाका. सेंडर बाहेर काढलात तर फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) हलवून बघा. पितळी फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं की तो बुडतो आणि काटा कायम ‘एम्प्टी’वर राहतो. पेट्रोलची वाफ स्फोटक असल्याने असा फ्लोट पूर्ण रिकामा आणि कोरडा झाल्याशिवाय त्याला सोल्डरिंग करू नका. नवा घेणं केव्हाही शहाणपणाचं.

टेंपरेचर, ऑइल आणि ॲमीटर

विजेवर चालणाऱ्या टेंपरेचर मीटरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळतं, म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सेंडर गरम पाण्यात धरून रोध मोजा; पाणी तापत जाईल तसा तो कमी होत गेला पाहिजे. नळीवाल्या टेंपरेचर मीटरमध्ये इंजिनातल्या बल्बपासून (दिवा नव्हे, उष्णता टिपणारी छोटी कुपी) तबकडीपर्यंत बंद नळी असते आणि आत बहुतेकदा ईथर भरलेलं असतं. ही नळी कापली किंवा तिला कडक घडी पडली की मीटर संपला. तो काढताना बल्ब आणि मीटर एकत्रच काढायचे असतात. तुटलेल्या नळीत पुन्हा ईथर भरणं हे तज्ज्ञांचं काम आहे. हा द्रव क्षणात पेट घेतो.

ऑइलचा दाब कमी दिसला तर आधी दुसरा यांत्रिक मीटर जोडून खरा दाब बघा. काटा खरं सांगत असण्याची शक्यता इथे मोठी आहे, आणि तसं असेल तर इंजिन लगेच बंद ठेवा.

ॲमीटरकडे (विद्युतप्रवाह मोजणाऱ्या मीटरकडे) विशेष लक्ष द्या. जुन्या गाड्यांत स्टार्टर सोडून जवळपास सगळा विद्युतप्रवाह त्यातून जातो. मागचे नट सैल झाले की जोडणी तापते, इन्सुलेशन वितळतं आणि आग लागू शकते. बॅटरी काढून नट घट्ट करा, काळवंडलेली टर्मिनल बदला.

स्पीडोमीटर

स्पीडोमीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो आणि केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. काटा थरथरत असेल तर दोष जवळजवळ नेहमी केबलचा. आतली तार काढून सपाट जागेवर लोळवा. कुठे उडी मारली तर वाकलेली आहे, बदला. ठीक असेल तर खालच्या दोन तृतीयांश भागालाच पातळ ग्रीस लावा आणि वरचे 20 सेंटिमीटर कोरडे ठेवा. वरून ग्रीस चढलं की ते वाटीत शिरतं, वाटी चुंबकाला चिकटल्यासारखी फिरते आणि काटा वाट्टेल तो वेग दाखवतो. केबलला 15 सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका.

काटा स्थिर आहे पण वेग चुकतो, असं असेल तर टायरचा आकार किंवा डिफरन्शियल (चाकांना ताकद पोचवणारा गिअरसंच) बदललेलं आहे का बघा. स्मिथ्सच्या पुष्कळ तबकड्यांवर एका मैलाला केबलचे किती फेरे हवेत तो आकडा छापलेला असतो. मीटरकडचं टोक सोडवा, तारेला पुठ्ठ्याचा बाण लावा आणि गाडी सरळ रेषेत 16.1 मीटर ढकला. हा मैलाचा शंभरावा भाग आहे. फेरे मोजून 100 ने गुणा: 12.8 फेरे झाले तर तबकडीवर 1280 च्या आसपासचा आकडा हवा.

ओडोमीटर (एकूण अंतर मोजणारा आकड्यांचा भाग) अडला असेल तर दातेरी चाक शाफ्टवर सैल झालेलं किंवा तडकलेलं असतं. गाडी चालू असताना ट्रिपचे (एका फेरीचं अंतर दाखवणारे) आकडे शून्यावर आणल्यानेही हे दाते तुटतात. दुरुस्ती करताना आधीचा आकडा लिहून ठेवा आणि तोच परत लावा.

मीटर उघडावाच लागला तर

अंधारात चमकणारा रंग असलेल्या जुन्या तबकड्यांवर रेडियम असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. रेडियम-226 निम्मं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. असा रंग खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका, मीटर बंदच ठेवा.

बाकीच्या मीटरची काच धरून ठेवणारी कडी खाचांमध्ये अडकवलेली असेल तर थोडी फिरवून निघते; पत्रा दुमडून बसवलेली कडी कडेकडेने अगदी थोडी-थोडी उचलावी लागते. तबकडीला स्पिरिट, थिनर, काच पुसायचं द्रावण यातलं काहीही लावू नका, अक्षरं निघून येतात. मऊ ब्रशने धूळ झटका आणि डाग असेल तर डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलावलेली कापसाची काडी वापरा. काटा हाताने फिरवू नका. रंगवायचा असेल तर एकच पातळ थर द्या, कारण रंगाच्या वजनानेही संतुलन बिघडतं. डबीच्या आतला पांढरा रंग पिवळा पडला असेल तर तो नव्याने द्या, मूळ 2.2 वॅटच्या बल्बमध्येच उजेड लक्षणीय वाढतो.

एलईडी लावायचे असतील तर चार्जिंगच्या लाल दिव्याचा बल्ब मात्र तसाच ठेवा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो.

सगळं बसवून झाल्यावर टाकी रिकामी असतानाच पेट्रोलची तपासणी करा. 5-5 लिटर पेट्रोल घाला, गाडी सपाट जागेवर ठेवा, बायमेटल काट्याला स्थिर व्हायला पूर्ण मिनिट द्या आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते लिहून घ्या. तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा. सगळ्या नोंदी सारख्याच प्रमाणात सरकलेल्या दिसल्या, तरच बायमेटल मीटरच्या पाठीमागच्या छिद्रांतून दिसणाऱ्या दातेरी पट्ट्यांना हात लावा, तोही एका वेळी एक दाता.