क्षमतेचा तक्ता उघडण्याआधी वायरच्या वाटेने चालून या

सोलरच्या डिझाइनमध्ये नवीन आलेली मुलं-मुली हमखास विचारतात, "इतक्या किलोवॉटला कितीची वायर घ्यायची?" प्रश्न साहजिक आहे, पण किलोवॉटवरून वायर ठरत नाही. तिच्यातून जास्तीत जास्त किती करंट जाईल आणि ती जिथून जाते तिथे किती तापेल, या दोन गोष्टींवरून ती ठरते. पहिली गोष्ट पॅनलच्या डेटाशीटवर छापलेली असते. दुसरी जागेवर गेल्याशिवाय कळत नाही, आणि बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की खरी चूक नेहमी या दुसऱ्या गोष्टीत होते.

आधी करंटचं बघू. मी इथे अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचा, म्हणजे एनईसीचा, आर्टिकल ६९० धरून चालतो, कारण त्यात हिशोब पायरी-पायरीने मांडलाय. आयईसी ६२५४८ हे आंतरराष्ट्रीय मानक मानणाऱ्या ठिकाणी तक्ते आणि आकडे थोडे वेगळे असतील, पण विचार हाच. तुमच्याकडे जो कोड लागू असेल त्याची चालू आवृत्ती मात्र हाताशी असलीच पाहिजे.

डेटाशीटवरचा शॉर्ट सर्किट करंट (पॅनलची दोन टोकं थेट जोडली तर वाहणारा) घ्या, समजा १४ अँपिअर. त्याला १.२५ ने गुणा: १७.५. हे कशासाठी? डेटाशीटवरचा आकडा १००० वॉट प्रति चौरस मीटर उन्हाचा असतो, आणि ढगाच्या कडेवरून ऊन परावर्तित होऊन आलं की प्रत्यक्षात त्याहून जास्त ऊन पडतं. मग हा करंट तासन् तास सलग वाहणार, म्हणून पुन्हा १.२५: साधारण २१.९. दोन्ही मिळून १.५६ होतात. हा १.५६ सगळ्यांना पाठ असतो. त्यातला कुठला १.२५ कशासाठी, हे विचारलं की गाडी अडते. ते समजून घ्या, कारण पुढच्या पायरीत तेच कामाला येतं.

वायर दोन वेगवेगळ्या चाचण्यांत पास व्हावी लागते. पहिली चाचणी: डीरेटिंग (उष्णता किंवा वायरची गर्दी यांमुळे क्षमता कमी धरणं) काहीही न करता वायरची क्षमता २१.९ किंवा जास्त हवी. दुसरी: तापमान आणि गर्दी यांचं डीरेटिंग केल्यावर उरलेली क्षमता १७.५ किंवा जास्त हवी. दोन्हींतून जी जाड वायर येईल ती घ्यायची. नवे लोक २१.९ वरच डीरेटिंगही लावतात. त्याने धोका काही होत नाही, पण विनाकारण जाड तांबं ओढलं जातं आणि ते टर्मिनलमध्ये बसवताना वायरमनचे हाल होतात.

आता वाट. तक्त्यातली क्षमता भोवतालचं तापमान ३० अंश आणि एका कंड्युटमध्ये (वायर ओढायच्या नळीत) करंट वाहणाऱ्या जास्तीत जास्त तीन वायर, असं धरून दिलेली असते. गच्चीवर यातलं काहीच खरं नसतं. समजा तीन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळा) आहेत, म्हणजे प्रत्येकीच्या दोन अशा सहा वायर एकाच कंड्युटमध्ये. चार ते सहा वायरना गुणक ०.८०. वायर १० गेजची (गेज हे जाडीचं अमेरिकन माप), ९० अंशांपर्यंत टिकणाऱ्या टीएचडब्ल्यूएन-२ इन्सुलेशनची. तक्त्यात तिची क्षमता ४० अँपिअर. त्या जागेचं उन्हाळ्यातलं डिझाइन तापमान ४२ अंश.

कंड्युट स्लॅबवर आडवा टाकलेला असेल तर? छतापासून पाऊण इंचाहून जरा जास्त, नेमकं सात अष्टमांश इंच, इतकंही अंतर नसेल तर कोड ३३ अंश वाढवायला सांगतो. ४२ चे झाले ७५, आणि ७५ अंशांचा गुणक ०.५०. चाळीसाला ०.५ आणि ०.८ ने गुणा: १६. लागतात १७.५. नापास.

हाच कंड्युट सपोर्टवर चार बोटं उचला. भर गेली, तापमान ४२, गुणक ०.८७. चाळीस गुणिले ०.८७ गुणिले ०.८ म्हणजे २७.८. आरामात पास. वायर तीच, पॅनल तेच, ऊनही तेच. हे गणित कागदावर स्वतः एकदा करा आणि मग भर दुपारी गच्चीवर पडलेल्या कंड्युटला हात लावून बघा. ३३ अंश कुठून आले ते पुन्हा विचारावं लागणार नाही.

म्हणून मी सांगतो, तक्ता उघडण्याआधी पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत (डीसीचं एसी करणाऱ्या यंत्रापर्यंत) वायरच्या वाटेने चालून या. कुठे स्लॅबला टेकते, कुठे दुसऱ्या कंड्युटमधल्या वायर येऊन मिळतात, कुठे बंद डक्टमध्ये शिरते, हे वहीत उतरवा. वाटेतला सगळ्यात वाईट तुकडा जी वायर मागेल, तीच धरून चाला. सॉफ्टवेअर झटक्यात साइज देतं, पण कंड्युट उचललाय की टेकवलाय हे तुम्ही भराल तेच त्याला माहीत.

टर्मिनलही विसरू नका. वायर ९० अंशांची असली तरी फ्यूज होल्डर किंवा ब्रेकरचं टर्मिनल बहुधा ७५ चं असतं, आणि तिथे ७५ चा रकानाच बघायचा. १० गेजला तिथे ३५ मिळतात, आपल्या २१.९ ला पुरेसे आहेत.

याबाबतीत एवढा काटेकोरपणा का, याचं उत्तर फ्यूजमध्ये आहे. नेहमीच्या वायरिंगमध्ये शॉर्ट झालं की करंट कित्येक पट उसळतो आणि ब्रेकर पडतो. पॅनलचं तसं नाही. चालू असताना १३ च्या आसपास देणारा पॅनल शॉर्ट झाला तरी १४ च देतो. त्याचा स्वतःचा करंट फ्यूजला उडवूच शकत नाही. फ्यूज असतो तो शेजारच्या समांतर स्ट्रिंगमधून उलटा करंट येऊ नये यासाठी, म्हणून तो बहुधा तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर आल्या की लागतो. बाकी सगळा भार वायरवर. ती कमी पडली तर वाचवायला कुणी येत नाही, इन्सुलेशन दिवसेंदिवस भाजत राहतं. त्यात डीसीचा आर्क (हवेतून उडणारी सलग ठिणगी) पेटला की एसीसारखा शून्यावर येऊन विझत नाही.

व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरमध्येच खर्च होणारं व्होल्टेज, हा सुरक्षेपेक्षा युनिट वाया जाण्याचा मामला. आपल्या १० गेजचा रोध किलोमीटरला ४.०७ ओहम धरा. इन्व्हर्टर ४० मीटरवर, जाऊन-येऊन ८० मीटर: ०.३३ ओहम. १३ अँपिअरला ४.२ व्होल्ट, चारशेच्या स्ट्रिंगवर जेमतेम एक टक्का. चालेल. जाऊन-येऊनचं अंतर धरायचं राहून जातं, तेवढं सांभाळा.

ड्रॉपकडे खरं लक्ष एसी बाजूला द्यावं लागतं. इन्व्हर्टर ग्रिडमध्ये करंट ढकलतो तेव्हा वायरमधला ड्रॉप ग्रिडच्या व्होल्टेजमध्ये मिळवला जातो. वायर बारीक आणि लांब असली की ऐन दुपारी इन्व्हर्टरला आपल्या टर्मिनलवर मर्यादेबाहेरचं व्होल्टेज दिसतं आणि तो बंद पडतो. संध्याकाळी कुणी तपासायला जावं तर सगळं सुरळीत. "इन्व्हर्टर खराब आहे" अशी तक्रार आली की मी आधी मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या केबलची लांबी आणि जाडी विचारतो. मग भर उत्पादनाच्या वेळी दोन्ही टोकांचं व्होल्टेज एकाच वेळी मोजायला सांगतो. फरक मोठा आला तर इन्व्हर्टरला हात न लावता केबल बदलायची.