हुकूमशहाच्या हातचं पत्र विकत घेताय? अक्षर सगळ्यात शेवटी बघा

मागच्या आठवड्यात एका मित्राने व्हॉट्सअपवर फोटो टाकला. हिटलरच्या हातचं खाजगी पत्र, ऑनलाइन लिलावात लागलंय, दोन दिवसांत बंद होतंय, घेऊ का? मी म्हटलं आधी मागच्या बाजूचा फोटो मागव. तो म्हणाला मागे तर काहीच लिहिलेलं नाहीये. अरे म्हणूनच तर हवा, घड्या कुठे पडल्यात, शाई आरपार उतरलीय का, जुना डिंक कुठे लागलाय, सगळं कोऱ्या बाजूवर दिसतं. आणि कुठल्या अर्काइव्हचा शिक्का खरवडलेला दिसला तर तिथूनच परत फिरायचं, पत्र अस्सल असलं तरी चोरीचं असायची शक्यता आहे.

बाकी त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला बरेचजण विचारतात आणि सगळे सुरुवात अक्षरापासून करतात.

1983 मध्ये 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या सापडल्या असं जाहीर केलं, साठच्या वर वह्या, 93 लाख मार्क मोजलेले. 25 एप्रिलला पत्रकार परिषद झाली आणि 6 मे ला जर्मन राष्ट्रीय अर्काइव्हने सांगितलं की सगळं बनावट आहे. म्हणजे अकरा दिवस. पण त्याआधी हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर तपासून होकार दिलेला होता, मग ते चुकले कसे? तर त्यांना तुलनेसाठी अस्सल म्हणून जे नमुने दिले त्यातले काही त्याच कोनराड कुयाऊने लिहिलेले होते ज्याने डायऱ्या लिहिल्या. अक्षर जुळलं, जुळणारच ना, हात एकच होता! तज्ज्ञांनी काम नीट केलं, नमुनाच सडका होता.

म्हणून तुलनेचा नमुना विक्रेत्याकडून घ्यायचा नाही, आणि कुठल्यातरी कलेक्टरने 'माझ्याकडे पण आहे' म्हणून पाठवलेला तर मुळीच नाही. ज्या कागदाचा प्रवास पहिल्या दिवसापासून माहीत आहे असाच घ्यायचा, उदाहरणार्थ हिटलरचं 2 मे 1938 चं खाजगी मृत्युपत्र, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. आणि एक नमुना पुरत नाही, त्याच काळातले चार-पाच हवेत, माणसाचं अक्षर वीस वर्षांत बदलतं. जुनी जर्मन कुरेंट लिपी आपल्याला वाचता येत नाही, ठीक आहे, पण ज्याने मोडीचे कागद हाताळलेत त्याला एक गोष्ट लगेच कळेल, सराईत हात लेखणी न उचलता ओढत जातो आणि ओढीत दाब कमी-जास्त होतो. नकल करणारा अक्षर लिहीत नाही, चित्रासारखं काढतो. भिंगाखाली रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, मध्येच थांबून परत सुरू केलेली, किंचित थरथरणारी दिसली की सावध व्हा.

पण हे शेवटचं काम. पहिला प्रश्न हा की हा माणूस असं पत्र हाताने लिहायचा का? सत्तेवर आल्यावर ही माणसं बहुतेक वेळा तोंडी सांगून टाईप करून घेतात आणि खाली फक्त सही करतात. नेपोलियनसुद्धा सेक्रेटरींना भराभर सांगायचा आणि सही करायचा, तीही वर्षागणिक आखूड होत गेली. त्यामुळे सत्ताकाळातलं लांबलचक भावनिक हस्तलिखित पत्र स्वस्तात मिळतंय म्हटलं की मला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो.

मग मालकीची साखळी. लिहिलं कोणाला, त्याच्याकडून कोणाकडे गेलं, कधी विकलं, त्याची पावती किंवा जुन्या लिलावाचा कॅटलॉग आहे का. गोष्ट कितीही छान असली तरी गोष्ट म्हणजे पुरावा नाही. डायऱ्यांची गोष्ट अशी होती की एप्रिल 1945 मध्ये बर्लिनहून निघालेलं विमान ड्रेस्डेनजवळ ब्योर्नर्सडॉर्फला पडलं आणि त्यातल्या पेट्या गावकऱ्यांनी लपवल्या. विमान खरंच पडलं होतं. खऱ्या घटनेच्या पोटात खोटी वस्तू घातली की भले भले फसतात, ह्यू ट्रेव्हर-रोपरसारख्या इतिहासकारानेही आधी हो म्हटलं होतं.

कागदासाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या, काही शे रुपयांत मिळतो. अंधारात कागद निळसर-पांढरा लख्ख चमकला तर त्यात उजळपणाचं रसायन आहे, ते कागदात आलं युद्धानंतर. डायऱ्या यातच पकडल्या गेल्या, शिवाय बांधणीत पॉलिएस्टरचे धागे सापडले. उलटं मात्र खरं नाही हां, चमकला नाही म्हणजे अस्सल असं समजू नका, जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून वापरणारे असतात. अमेरिकेत मार्क हॉफमन नावाच्या बनावट कागद करणाऱ्याने 1980 च्या दशकात जुनाच कागद वापरला होता, त्याची बनावट सिद्ध झाली शाईमुळे, कृत्रिम रीतीने जुनी केलेली शाई मायक्रोस्कोपखाली मगरीच्या कातडीसारखी तडकलेली दिसली. कडा एकसारख्या तपकिरी असतील तर चहाचा संशय घ्या, कुयाऊने चहाच वापरलेला. आणि बॉलपेन दिसलं तर संपलंच, न्यूयॉर्कच्या दुकानात ते ऑक्टोबर 1945 मध्ये विक्रीला आलं, हिटलर एप्रिलमध्येच मेला होता.

किमतीचं म्हणाल तर ती मजकुराने ठरते, सहीने नाही. 16 सप्टेंबर 1919 चं हिटलरने अडॉल्फ गेमलिख नावाच्या माणसाला लिहिलेलं पत्र टाईप केलेलं आहे, तरी सायमन विझेंथाल सेंटर या ज्यू मानवाधिकार संस्थेने 2011 मध्ये दीड लाख डॉलर देऊन घेतलं, कारण ज्यूंबद्दलचा त्याचा द्वेष लेखी स्वरूपात तिथे पहिल्यांदा दिसतो. मला अशी खरेदी पटते, पत्र पुरावा म्हणून राहतं. भिंतीवर कौतुकाने लावायला कोणी घेत असेल तर त्याला मी मदत करत नाही, स्पष्ट सांगतो. पत्रांचे हिस्से विकणाऱ्या गुंतवणूक स्कीमपासून पण लांब राहा, फ्रान्सची आरिस्टोफिल कंपनी 2015 मध्ये कोसळली तेव्हा हजारो लोकांचे पैसे अडकले.

विकत घेताना बनावट निघालं तर पैसे परत, किती वर्षांपर्यंत, हे लेखी घ्या. स्वस्तिक छापलेलं लेटरहेड जर्मनीत जाहीरपणे दाखवण्यावर कायद्याचं बंधन आहे. आणि भारतात आणलंत तर 1972 चा पुरावस्तू कायदा वाचा, ऐतिहासिक मूल्याचं 75 वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित त्यात येतं आणि खाजगी माणसाला ते परत बाहेर पाठवता येत नाही, वकिलाला आधीच विचारा.

घरी आल्यावर लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, डांबरगोळ्यांच्या कपाटात नाही. ॲसिड-फ्री फोल्डर, आडवं ठेवायचं, अंधारात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सिलिका जेल बदलत राहायचं. पावती, लॅबचा रिपोर्ट, विक्रेत्याचे मेल सगळं छापून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, पत्राच्या फोल्डरमध्ये कोंबू नका, साध्या कागदातलं ॲसिड आणि प्रिंटरची शाई शेजारच्या जुन्या कागदावर उतरते.