खदानीसाठी पहिला जॉ क्रशर निवडताना या चुका टाळा

मराठवाड्यात खडी क्रशर टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘तासाला किती टन काढतो?’ हा प्रश्न नंतरचा आहे. प्रायमरी क्रशर, म्हणजे खदानीतला अख्खा दगड सगळ्यात आधी फोडणारं यंत्र (आपल्याकडे बहुधा जॉ, म्हणजे दोन जबड्यांत दगड चिरडणारा), आपला दगड कसा आहे आणि सुरुंग उडाल्यावर ढिगात केवढे धोंडे पडतात यावरून ठरवायचं असतं. इथे चूक झाली तर पुढचा कोन क्रशर (दगड आणखी बारीक करणारं दुसरं यंत्र), चाळण्या आणि बेल्ट कितीही चांगले असले तरी रिकामे फिरतात.

36×24 मधला 36 धरून चालणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक. 36×24 इंची जॉ मध्ये 36 ही तोंडाची लांबी आहे. दगड किती मोठा जाईल ते 24 वर ठरतं. 24 इंच म्हणजे सुमारे 600 मिमी आणि त्याचे 80 ते 85 टक्के धरायचे. म्हणजे सर्वांत मोठा धोंडा 500 मिमीच्या आत हवा. 42×30 मध्ये हीच मर्यादा साधारण 630 मिमी होते.

आता आपल्या ढिगाकडे बघा. काळ्या पाषाणाला, म्हणजे घट्ट बेसॉल्टला, उभे सांधे असतात, त्यामुळे सुरुंगात तो चौकोनी ठोकळ्यांनी सुटतो. सुरुंगाच्या भोकाचा वरचा दोन-अडीच मीटरचा भाग बारूद न भरता मातीने बुजवलेला असतो, तिथला दगड नीट फुटत नाही आणि मोठे धोंडे बहुतेक तिथूनच येतात. 20 टनी पोकलेन एक मीटरचा धोंडाही सहज उचलून हॉपरमध्ये, म्हणजे क्रशरला दगड पुरवणाऱ्या कुंडात, टाकते. तो तोंडावर आडवा बसला की अख्खा प्लँट थांबतो, आणि माणूस पहार घेऊन हॉपरमध्ये उतरतो. हे कधीही होऊ देऊ नका, अडकलेला दगड अचानक सुटतो. मोठे धोंडे खदानीतच ब्रेकरने (दगड फोडणाऱ्या यांत्रिक हातोड्याने) फोडून घ्या. हॉपरशेजारी कायमचा ब्रेकर बसवता आला तर त्याचा खर्च वाचलेल्या बंद तासांतून भरून निघतो.

यंत्राची ऑर्डर देण्याआधी तीन-चार ब्लास्टच्या ढिगांत टेप घेऊन फिरा. 500 मिमीच्या वरचे धोंडे चौथ्या हिश्शाएवढे दिसत असतील तर जॉ मोठा करण्याआधी भोकांचं अंतर कमी करायचं का, हे ब्लास्टरबरोबर बसून बघा. तो उपाय बहुधा स्वस्त पडतो.

ब्रासचा हिशेब टनांत उतरवताना गडबड

विक्री ब्रासमध्ये होते आणि यंत्र टनांत विकलं जातं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. सुट्या खडीचं वजन घनमीटरला 1.6 टन धरलं तर ब्रासला साधारण 4.5 टन होतात. खडी आणि डस्ट मिळून दिवसाला 200 ब्रास हवी असेल तर 900 टन. दहा तासांच्या पाळीत प्रत्यक्ष फोडणी सात तास होते असं समजा, कारण गाड्यांची वाट, ग्रीसिंग, धोंडा अडकणं, वीज जाणं हे रोजचं आहे. मग तासाला 129 टन लागतात. वर 25 टक्के गुंजाइश ठेवली की 160 टन.

इथे कॅटलॉग फसवतो. 36×24 जॉ च्या पुढे ‘50 ते 180 टन’ असं लिहिलेलं असतं. त्यातले 180 टन सेटिंग पार उघडल्यावर मिळतात. सेटिंग म्हणजे जबडा मिटलेला असताना खाली उरणारी फट. ती 100 मिमी ठेवली तरी खालून 150–160 मिमीचे चपटे तुकडे येतात, म्हणजे फटीच्या दीडपट. पुढच्या कोनाच्या तोंडाच्या 80–85 टक्क्यांपर्यंतचाच दगड आत जातो. त्यामुळे 150–160 मिमीसाठी कोनाचं तोंड 190 मिमीच्या आसपास हवं. जास्त टनांसाठी जॉ उघडला तर कोन तुंबतो, आणि कोनासाठी जॉ आवळला तर टन घटतात. म्हणून वरच्या हिशेबाला 36×24 अपुरा पडतो, 42×30 घ्यावा. विक्रेत्याला असं विचारा: ‘काळ्या पाषाणात, 100 मिमी सेटिंगला, किती टन?’ उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

सगळा दगड एकच समजणे

दख्खनचा बेसॉल्ट थरांवर थर असा साचलेला आहे. खाली घट्ट काळा पाषाण, वरच्या अंगाला भोकं असलेला मांजऱ्या, मध्येच लाल गेरूचा पट्टा आणि सगळ्यात वर मुरूम व काळी माती. एकाच खदानीत, एकाच भिंतीत हे सगळं दिसतं. मांजऱ्या दगड झटकन फुटतो. त्याची चाचणी बघून जॉ घेतला आणि दोन वर्षांनी खदान खाली घट्ट पाषाणात गेली की टन घसरतात आणि जबड्याच्या प्लेटा लवकर झिजतात. चाचणीला दगड पाठवायचा तर ज्या थरातून पुढची पाच वर्षं माल काढायचा आहे त्यातला पाठवा.

नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. त्यात क्वार्ट्झ (गारगोटी) असल्यामुळे तो बेसॉल्टपेक्षा जास्त घासतो. तिथे प्लेटांचा खर्च वेगळा धरावा.

खडीला आकार चांगला येतो म्हणून प्रायमरीलाच इम्पॅक्ट क्रशर (फिरत्या पट्ट्यांनी दगड आपटून फोडणारा) सुचवला जातो. चुनखडीसारख्या मऊ दगडाला तो ठीक, काळ्या पाषाणात त्याचे ब्लो बार, म्हणजे त्या पट्ट्या, टिकत नाहीत. आकार शेवटच्या टप्प्यावर, व्हीएसआयमध्ये (खडीला आकार देणाऱ्या उभ्या शाफ्टच्या इम्पॅक्ट क्रशरमध्ये) सुधारावा. जायरेटरी क्रशर तासाला हजार टनांच्या पुढच्या कामाचा, आपल्याकडच्या खदानींना त्याचा विचार करायची गरज नाही.

मुरूम जॉ मधूनच काढणे

ग्रिझली फीडरचे, म्हणजे जॉ च्या आधी पट्ट्यांमधून माती-मुरूम गाळणाऱ्या फीडरचे, पैसे वाचवणारे नंतर प्लेटांवर खर्च करतात. मँगनीजची प्लेट दगडाचा मार खाऊन वरून कडक होते. मुरूम-मातीचा मार बसत नाही, नुसती घासण होते, म्हणून ती कडक न होताच झिजते. शिवाय ओली काळी माती जबड्याच्या तळाशी थापली जाते, फट बुजते आणि मोटरवर लोड चढतो. ग्रिझलीच्या पट्ट्यांत उन्हाळ्यात 50–60 मिमी अंतर पुरतं, पावसाळ्यात 75 करावं. पट्ट्या पुढे रुंदावत जाणाऱ्या असतील तर दगड त्यांच्यात अडकत नाही. खाली पडणारा माल वेगळ्या बेल्टने वेगळ्या ढिगावर न्या. तो मुख्य बेल्टवर सोडला तर खडीत माती येते आणि काँक्रीटवाले गाडी परत पाठवतात.

फाउंडेशन आणि मोटर

काळ्या मातीवर जॉ उभा करू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि यंत्राचा पाया तिरका होतो. घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा, मग काँक्रीट करा. पाया एका बाजूला बसला की एकीकडचं बेअरिंग तापायला लागतं.

नेहमीच्या मोटरचं रेटिंग 40 अंश हवेला दिलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा त्याच्या वर असतो, म्हणून मोटर एक पायरी मोठी घ्या आणि तिच्यावरची धूळ रोज झाडा. फ्लायव्हील (फिरतं मोठं चाक) जड असल्यामुळे जॉ सुरू होताना मोठा करंट ओढतो. लाइनच्या शेवटी असलेल्या प्लँटवर स्लिप रिंग मोटर बरी, आणि जनरेटरवर चालवायचं असेल तर त्याची निवड सुरू होतानाच्या करंटवरून करा.

चालू झाल्यावर काय दिसलं तर काय बघायचं

दगड जबड्यात नुसता नाचतो, वर उडतो पण खाली उतरत नाही: धोंडा मोठा आहे किंवा प्लेटा झिजून दोन जबड्यांमधला कोन वाढलाय. हा कोन साधारण 18 ते 24 अंशांत असतो, त्यापुढे पकड सुटते.

प्लेट एकाच बाजूने झिजते: फीडर एका कडेला माल टाकतो. तो मध्यभागी, पूर्ण रुंदीत पसरवा आणि जबडा भरलेला ठेवा. अर्धवट भरून चालवलं तर फक्त खालचे दात झिजतात. ते सपाट होण्याआधी प्लेट उलटी लावा. नवी बसवल्यावर पहिल्या पाळीत बोल्ट पुन्हा आवळा, सैल प्लेट मागची बॉडी खाते.

टॉगल प्लेट (जबड्याला मागून टेकू देणारी) मोडते: बकेटचा दात किंवा ड्रिलचा तुकडा आत गेला असणार. ही प्लेट मोडण्यासाठीच असते, तिच्या मोडण्याने पिटमन (हलता जबडा) आणि त्याला हलवणारा एक्सेंट्रिक शाफ्ट वाचतात. वेल्डिंग करून किंवा जाड पत्र्याची बनवून ती कधीही बसवू नका. कंपनीच्या मापाच्या दोन प्लेटा स्टोअरमध्ये ठेवा. जुनं यंत्र विकत घेताना टॉगल प्लेटवर वेल्डिंग दिसलं तर पिटमनच्या कोपऱ्यांत बारीक चिरा आहेत का ते रंग खरवडून, डाय पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंगीत द्रव) मारून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.